म्हसोबापुढची टोपी

रेहानाआत्याचा फोन आला तेव्हा प्रियदर्शिनी शिडीवर होती. क्रेनच्या हुकाला पडद्याची दोरी बांधणं हे काही तिचं काम नव्हतं, पण या घरात एखादं काम आपलं नाही म्हणून कुणाची सुटका झालेली तिनं आजवर पाहिली नव्हती. खाली करावे गावचा प्रीतम साऊंडवाला कमरेवर हात ठेवून उभा होता आणि "ताई, जरा डावीकडं" म्हणत तिला खुणेनं उजवीकडं पाठवत होता.

रविवार असल्यामुळे कळंबोलीचा लोखंड बाजार गप्प होता. लोखंडाच्या प्लेटा भिंतीकडे सरकवून गाळ्यात खुर्च्या मांडल्या होत्या. चार वाजता माथाडींच्या विश्रांतिगृहाचं उद्घाटन होतं, आणि त्याच्या दारावर दस्तगीर मुलाणी हे नाव चढायचं होतं. तीस-पस्तीस वर्षं तिच्या आजोबांच्या, आबांच्या, या गाळ्याची क्रेन चालवलेल्या माणसाचं नाव. रेहाना ही त्याची एकुलती एक मुलगी, तळोज्याच्या शाळेत शिक्षिका. प्रियदर्शिनी तिला लहानपणापासून आत्या म्हणत आली होती, आणि सख्ख्या आत्यापेक्षा तिचा धाक जास्त होता.

"आत्या, दस्तगीरचाचांवरची फिल्म बघितलीस?" तिनं फोन खांद्यात धरून विचारलं.

"बघितली."

"आवडली?"

"प्रिया, तू कुठं उंचावर आहेस का? आवाज घुमतोय."

"शिडीवर आहे."

"मग आधी खाली उतर."

ती उतरली. आत्या असं शाळेतल्या आवाजात बोलली की घरातली मोठी माणसंसुद्धा सरळ बसायची.

"टोपीचं ते तुला कुणी सांगितलं?"

"आबांनी. कॅमेऱ्यासमोरच सांगितलंय ना."

"ऐकलं मी. शेवटच्या दसऱ्याला अब्बांनी डोक्यावरची टोपी काढून म्हसोबाच्या पुढ्यात ठेवली, 'आता तूच माझा' म्हणाले, आणि मरताना त्यांच्या तोंडी म्हसोबाचं नाव होतं. असंच ना?"

"हो."

"मरताना अब्बांच्या उशाशी मी होते, प्रिया. आबा नव्हते. मी कलमा म्हणत होते आणि अब्बांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. ज्या मौलानांनी त्यांच्या जनाज्याची नमाज पढवली, ते आज तुमच्या स्टेजवर बसणार आहेत. त्यांच्यासमोर तू सांगणार, की हा माणूस जाताना आमचा राहिलाच नव्हता?"

"आत्या, आम्हाला तसं म्हणायचं नव्हतं गं. आम्ही तर..."

"कौतुक करत होता. कळतंय मला. म्हणून तर ओरडताही येईना. अब्बांकडं आता एवढी एकच गोष्ट उरलीये, की ते कोण म्हणून गेले. तेवढी घेऊ नका."

फोन बंद झाला. प्रीतम पडदा सरळ आहे का विचारत होता. तिनं मान हलवली, पण पडद्याकडे बघितलंच नाही.

महापेच्या तिच्या ऑफिसात ती हेच शिकवायची. देवस्थानांचे, दर्ग्यांचे, चर्चचे जनसंपर्क सांभाळणारे लोक आणि नवे वार्ताहर यांच्यासाठी तिची संस्था शिबिरं घ्यायची, आणि पहिल्याच दिवशी प्रियदर्शिनी सगळ्यांना सांगायची, की दुसऱ्याच्या धर्माबद्दल वाईट बोलताना माणूस सावध असतो, सगळ्यात जास्त चुका होतात त्या चांगलं बोलताना. म्हणून संस्थेचा नियम होता: ज्याची श्रद्धा सांगायची, त्याच्या घरच्यांना आधी ऐकवायचं आणि त्यांचा होकार घ्यायचा. हा नियम तिनं कितीतरी लोकांकडून पाठ करून घेतला होता. आणि इथं? इथं सगळे घरचेच होते. आबांनी सांगितलं, तिनं घेतलं. फिल्म तयार झाल्यावर, ट्रेलर सगळीकडे फिरून झाल्यावर, तिनं काल आत्याला ती पाठवली होती, आणि तीही कौतुक ऐकायला.

आणखी एक गोष्ट होती, ती आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली. फिल्ममध्ये शेंदरी दगडासमोर ठेवलेली पांढरी टोपी दिसते, खालून पणतीचा उजेड. ती टोपी दस्तगीरचाचांची नव्हतीच. तिनं स्वतः पनवेलच्या बाजारातून नवी विकत आणली होती.

*

गाळ्याच्या कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये घरचे बसले होते. पप्पा, म्हणजे धनाजी, खुर्चीत. विश्वजितकाका टेबलावर. शालनआजी खाली चटईवर नावाच्या पाटीसाठी झेंडूचा हार ओवत होती. गाळ्याच्या वाटणीवरून भांडण झाल्यापासून हे दोघे भाऊ एका बाजूला बसलेले कुणी पाहिले नव्हते. प्रियदर्शिनीनं आत्याचा निरोप सांगितला आणि म्हणाली, "मी तो भाग काढतेय." त्याबरोबर दोघे एका बाजूला झाले.

"काढतेय म्हणजे?" विश्वजितकाका टेबलावरून उतरला. तो मार्केटच्या संघटनेचा सचिव होता आणि आजच्या कार्यक्रमासाठी त्यानं आठवडाभर घाम गाळला होता. "अगं, तीच तर हायलाइट आहे! ट्रेलर अख्ख्या मार्केटला गेलाय. गुरुद्वाऱ्याच्या ग्यानीजींनी मला स्वतः फोन केला, म्हणाले, आंखों में पानी आ गया. तुझ्या ऑफिसवाले पण त्याच्यासाठीच येतायत ना? स्पर्धेला पाठवलीये म्हणालीस."

"त्यांनाही सांगावं लागेल."

"काय सांगणार? आमचा म्हातारा खोटं बोलला?"

"विश्वा, हळू," पप्पा म्हणाले. मग तिच्याकडे वळून, "प्रिया, आबांचं दुसऱ्यांदा अँजिओ झालंय. डॉक्टर काय म्हणाले ते तूच लिहून घेतलंस. टेन्शन नको. आणि आज तू भर कार्यक्रमात त्यांचा शब्द खाली पाडणार?"

"आणि आत्याचे वडील, पप्पा?"

"रेहाना घरची आहे. ती समजून घेईल."

"घरची आहे म्हणूनच आपण तिला विचारलं नाही."

काका खिडकीपाशी गेला, परत आला. त्याला तोडगे सुचायला वेळ लागत नसे. मार्केटमध्ये तोडग्यांवरच त्याचं नाव झालं होतं. "हे बघ, असं कर. मरतानाचं तेवढं काढ. टोपी राहू दे. टोपीनं कुणाचं काय बिघडतंय? आणि आपण वाईट काय सांगतोय गं? एकोप्याचंच सांगतोय ना? आजकाल तेवढं तरी कोण सांगतंय!"

खरं सांगायचं तर तिला मोह झाला. टोपीचं दृश्य तिच्या हातून आजवर झालेल्या कामातलं सगळ्यात सुंदर होतं. मरतानाचं काढलं, टोपी ठेवली, की आबाही खूश, काकाही खूश. आत्यालाही कदाचित चाललं असतं. कदाचित. पण मग तिला चाचांच्या डोक्यावर आपण विकत आणलेली टोपी दिसायला लागली.

"काका, एकोप्याला दोन माणसं लागतात," ती म्हणाली. "आपण चाचांना आपल्यातच ओढून घेतलं, मग एकोपा कुणाशी?"

"हे तुझ्या शिबिरात बोल."

"टोपी तर खरी आहे ना पण?" पप्पांनी मधेच विचारलं. विचारलं खरं, पण तिच्याकडे न बघता.

त्यावर शालनआजीनं सुई हारात तशीच रोवून ठेवली. "धनाजी," ती म्हणाली, "तू तर दस्तगीरच्या हाताखाली शिकलास. तू बोल की. का मी बोलू?"

बाहेर प्रीतम माईकवर वन टू, वन टू करत होता.

"काय, पप्पा?"

"टोपी ठेवायचे ते," पप्पा अखेर म्हणाले. "पण एका दसऱ्याला नाही. रोज. क्रेनवर चढायच्या आधी हेल्मेट घालायला लागायचं, म्हणून टोपी काढायचे. अख्ख्या गाळ्यात सगळीकडं ग्रीस. स्वच्छ जागा एकच, म्हसोबाचा कट्टा."

"मीच पुसून घ्यायची सकाळी," आजी म्हणाली. "तर म्हनायचा, वैनी, देवाशेजारी टोपीपुरती जागा सोडा बरं का. आनि उतरला की पयली टोपी डोक्यावर."

"आणि 'आता तूच माझा'?"

पप्पांनी कपाळ चोळलं. "ते मागनं आलं. चाचा गेल्यावर पहिल्या दसऱ्याला आबांनी नुसतं टोपीचं सांगितलं. सांगताना रडले. आता रडणाऱ्या माणसाला मी काय सांगू, की टोपी हेल्मेटसाठी होती? पुढच्या दसऱ्याला 'तूच माझा' आलं. मरतानाचं तर आत्ता आत्ता, तू कॅमेरा घेऊन आलीस तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं मी."

कॅमेरा समोर आला म्हणून गोष्ट वाढली होती. आणि शूटिंगच्या दिवशी प्रियदर्शिनी स्वतःच आबांना म्हणाली होती, "आबा, अजून काही आठवतंय का?"

"दादा, तू पण ना!" काका भावावर उखडला. "हे आधी बोलायचंस! आता चार वाजता मी काय दाखवू? कोरा पडदा?" त्यानं खिशातून पेनड्राईव्ह काढून टेबलावर आपटला आणि पुन्हा उचलला. "माझ्याकडं आहे कॉपी. तुला पटत नसेल तर तू मागं बस. मी लावतो."

"विश्वजित..." आजी म्हणाली.

"आई, तू हार कर." आणि तो गेला.

*

आबा म्हसोबापाशीच बसले होते. सयाजीआबांचा गुलाबी फेटा सकाळी दहालाच बांधून झाला होता आणि तेव्हापासून त्यांनी मान हलवली नव्हती, घडी मोडेल म्हणून. गावाकडच्या माळावरून आणलेला तो शेंदरी दगड, त्याच्यापुढे कट्टा, आणि डोक्यावर उंच गंजकी शिडी क्रेनच्या केबिनपर्यंत गेलेली. आबांच्या खुर्चीच्या एका बाजूला दुसरी रिकामी खुर्ची होती. ती पूर्वीपासून तशीच असे; दुपारच्या सुट्टीत चाचा तिच्यावर बसत.

नातीला बघून ते हसले. "आली का पावनी मंडळी?"

"नाही अजून. आबा, एक विचारायचंय. दस्तगीरचाचा गेले तेव्हा तुम्ही कुठं होता?"

आबांचं हसू जागच्या जागी राहिलं. "का गं?"

"सांगा ना."

"पुन्याला. भरल्याली गाडी घिऊन गेलतो. दवाखान्यात त्याला म्हनलं, ऱ्हाऊ का? तर म्हनला, जा तू, मी कुटं पळून चाललोय? आलो दुसऱ्या दिशी दुपारच्याला. तवर त्याला नेला बी व्हता. त्यांच्यात थांबत न्हाईत. माती द्याय बी घावलो न्हाई मी."

ती त्यांच्या पायाशी कट्ट्यावर बसली आणि सगळं सांगितलं. आत्याचा फोन, कलमा, मौलाना. हेल्मेटचंही. सांगताना तिची नजर सारखी आबांच्या छातीवरच्या हाताकडे जात होती. तो हात तिथे नुसता ठेवलाय की दुखतंय म्हणून ठेवलाय, ते तिला कळेना.

"म्हंजी मी खोटारडा," आबा म्हणाले.

"तसं नाही, आबा."

"तसं न्हाई तर कसं? उभ्या मार्केटात माजा शब्द कुनी इकडचा तिकडं केला न्हाई. आनि तू, काल जलमल्याली, माजा शब्द कात्रीनं कापनार?" त्यांचा आवाज चढला. खुर्च्या पुसणारे दोघे तिघे वळून बघायला लागले. "हेल्मेटचं मला ठावं न्हाई व्हय? ह्या गाळ्यात पयलं हेल्मेट मीच आनलं! त्याच्या डोस्क्यावर मीच घातलं!"

"मग, आबा? मग असं का सांगितलंत?"

फेट्याची पर्वा न करता आबांनी मान वर करून शिडीकडे बघितलं.

"एका ट्रकात बसून आलो गावाकडनं," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "एका ताटात जेवलो. त्याच्या पोरीच्या लग्नात म्या अक्षता धरून हुबा, तर त्यो हसतूय, म्हनला, येड्या, आमच्यात अक्षता नस्त्यात. आता माजं बी भरत आलं, प्रिया. आनि रातभर डोळ्याला डोळा लागत न्हाई. म्हनतो, मेल्यावर त्यो त्याच्याकडं आनि मी माझ्याकडं. हितं पोरांनी गाळ्याच्या वाटन्या केल्या, तिकडं बी वाटन्याच? म्हनलं, म्हसोबाच्या नावानं त्याला आपल्याकडं घ्यावा. म्हंजी एका जागी असू."

कुठल्याच शिबिरात कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. तिनं आबांचा हात धरला. तो थंड होता.

"आबा, हे जे आता बोललात, ते तुमचं आहे," ती म्हणाली. "ते खरं आहे. पण चाचांच्या तोंडी त्यांचं नसलेलं घालायला नको. त्यांना आता नाही म्हणता येत नाही."

आबांनी हात सोडवून घेतला. "जा," ते म्हणाले. "तुजं काम कर."

कर म्हणजे कापून टाक, की कर म्हणजे माझ्यासमोरून जा? तिला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायची छाती झाली नाही. केबिनमध्ये जाऊन तिनं लॅपटॉप उघडला. टोपी काढली, पणती काढली, आबांचं ते सगळं बोलणं काढलं. उरलेली फिल्म पेनड्राईव्हवर घेऊन तो प्रीतमला नेऊन दिला.

*

पाहुणे आले. ग्यानीजी आले, चर्चचे फादर आले, गावाकडचे एक महाराज आले, आणि पांढऱ्या दाढीचे मौलाना, ज्यांना काकानं हात धरून स्टेजच्या मधोमध बसवलं. माथाडींनी खुर्च्या भरल्या. महापेची तिची ऑफिसची माणसं दुसऱ्या रांगेत बसून हात करत होती. पहिल्या रांगेत एक खुर्ची 'कुटुंबीय' अशी चिठ्ठी लावून रिकामी होती, आणि प्रियदर्शिनी दर मिनिटाला दाराकडे बघत होती.

रेहानाआत्या आली. पण पुढे आली नाही. दाराजवळच्या शेवटच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर, कधीही उठून जाता येईल अशी. तिनं प्रियदर्शिनीकडे एकदा बघितलं. ती नजर रागाची असती तर बरं झालं असतं.

"ताई," प्रीतम तिच्या कानाशी येऊन कुजबुजला, "मना दोन पेनड्राईव्ह दिलेत. एक तुमचा, एक विश्वजितदादांचा. दादा सांगतान त्यांचाच लाव. कोनचा लावू?"

स्टेजवरून काका बोटानं खूण करत होता: माझा, माझा.

"माझा लाव."

"दादा मना सोरनार न्हाई."

"माझं नाव सांग."

काकानं ते बघितलं. मौलानांकडे बघून ओशाळं हसत तो स्टेजवरून उतरला आणि भराभर प्रीतमच्या टेबलाकडे यायला लागला. प्रियदर्शिनी टेबलापुढे उभी राहिली. पण त्याच्या आधी पप्पा पहिल्या रांगेतून उठले होते. ते भावाच्या वाटेत उभे राहिले, नुसते.

"दादा, सरक."

"बस खाली, विश्वा."

"तमाशा होईल."

"तू बसलास तर नाही होणार."

काका बसला. पडद्यावर फिल्म सुरू झाली. क्रेनची चाकं, लोखंडाचा आवाज, चाचांचे जुने फोटो, माथाडींच्या आठवणी. मग ती जागा आली, आणि तिथे टोपी नव्हती. होती ती नुसती रिकामी शिडी, आणि आबांचं एकच वाक्य: "लय चांगला मानूस व्हता." सभेत चुळबुळ सुरू झाली. मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अरे, ते टोपीचं कुठाय?" दुसरा म्हणाला, "कट केलं वाटतं. वरून प्रेशर आलं असंल." हे प्रियदर्शिनीनं गृहीतच धरलं नव्हतं. खोटं काढलं तर लोक त्याच्या जागी आणखी वाईट काही घालणार होते.

दिवे लागले. टाळ्या अर्धवट वाजल्या. आणि आबा उठले.

कार्यक्रमात आबांचं भाषण नव्हतं. त्यांनी निवेदकाच्या हातातून माईक घेतला तेव्हा आजीनं पदराचं टोक तोंडात धरलं. प्रियदर्शिनीनं सवयीनं कॅमेरा उचलला, पण तिला काही दिसत नव्हतं. आता ते सगळं पुन्हा सांगणार. सगळ्यांसमोर, मौलानांसमोर, आत्यासमोर. आणि नाही सांगितलं तर ते इथेच कोसळणार.

"टोपीचं बघाय आला आसाल तुमी," आबा म्हणाले. "ते काडलंय. माझ्या नातीनं काडलं. वरनं कुनाचं प्रेशर न्हाई, आमच्या घरातलं प्रेशर लय हाय." कुणीतरी हसलं. आबा हसले नाहीत. "ते मी सांगत हुतो. दस्तगीर तसा न्हवता. त्यो रोज बिस्मिल्ला म्हनून बटन दाबायचा. शुक्रवारी दुपारी क्रेन बंद म्हंजी बंद, मग ट्रक कुनाचा बी असू दे. किती येळा शिव्या दिल्या म्या त्यापायी! दसऱ्याला नारळ फोडायचा, कारन मशीन त्याच्या हातात हुती. टोपी काडायचा ती हेल्मेट घालाय. मुसलमान म्हनून जलमला, मुसलमान म्हनून गेला. मरताना मी न्हवतो. त्याची लेक हुती. ती बगा, थितं मागं बसलीया."

सगळ्या माना वळल्या. स्टेजवर मौलानांनी छातीवर हात ठेवून मान लववली. प्रियदर्शिनीच्या पाठीवरून कुणीतरी ओझं उतरवल्यासारखं झालं, पण ते क्षणभरच, कारण आबा थांबले नाहीत. माईक हातात तसाच धरून ते खुर्च्यांमधल्या वाटेनं मागे चालायला लागले. पाय नीट पडत नव्हता. पप्पा धरायला गेले तर त्यांनी हात झटकला.

ते आत्यापाशी पोचले. आत्या उठून उभी राहिली.

"रेहाना," आबा म्हणाले, आणि ते सगळ्या गाळ्यात घुमलं, "तुला एक इचारू का?"

आबा काय विचारणार ते प्रियदर्शिनीला कळलं. कॅमेऱ्यात दोघांचे चेहरे अगदी नेमके आले होते. खिडकीतून उन्हाची तिरीप, म्हातारा, समोर मित्राची लेक. यापेक्षा चांगलं दृश्य तिला जन्मात मिळालं नसतं. पलीकडून काका दोन्ही हातांनी खुणावत होता, चालू ठेव, चालू ठेव! तिनं कॅमेरा बंद करून खाली ठेवला.

"प्रीतम, माईक बंद कर."

"आं?"

"बंद कर. आत्ता."

कट् असा आवाज झाला. आबांच्या ते लक्षातही आलं नाही. ते माईक तोंडाशी धरूनच बोलत राहिले, पण आता ऐकू आलं ते फक्त जवळच्यांना.

"तुमच्यात काय म्हनत्यात? तिकडं गेल्यावर आमच्यासारख्याला त्यो भेटंल का गं?"

हो म्हण, आत्या. प्रियदर्शिनीनं मनातल्या मनात हात जोडले. एक शब्द. कुणाचं काय जातंय? सगळे नियम, सगळी शिबिरं बाजूला ठेवून, त्या क्षणी ती आत्याच्या जागी असती तर तिनं हो म्हटलं असतं.

रेहानाआत्याचे डोळे भरले. तिनं ते पुसले नाहीत.

"मला माहीत नाही, आबा," ती म्हणाली. "हो म्हणता आलं असतं तर म्हटलं असतं. अब्बांच्या नावानं खोटं नाही सांगणार मी. तुम्हाला तर नाहीच."

आबांचा हात छातीवर गेला, आणि प्रियदर्शिनी धावली. पण आबांनी खिशातून रुमाल काढला आणि तो आत्याच्या हातात दिला.

"दस्तगीरचीच लेक हायस," ते म्हणाले. "त्यो बी असाच. त्वांड राखायला म्हनून कदी हो म्हनला न्हाई."

मग त्यांनी तिच्या शेजारची खुर्ची ओढली. पायातला जोर संपल्यासारखे तिच्यावर बसले, आणि फेटा काढून मांडीवर ठेवला.

"तर मग हितं तरी बसतो," ते म्हणाले.

आत्या त्यांच्या शेजारी बसली. स्टेजवरून विश्वजितकाका हाका मारत होता, आबा, या, फीत कापायची आहे, पाहुणे थांबलेत. आबा उठले नाहीत.